पट्टीखालचे मणी

लीना तेव्हा नुकती बोलायला लागली होती. बाहत्तर-त्र्याहत्तर साल असेल. हे, म्हणजे माझे यजमान श्रीकांत, कस्टममध्ये होते आणि आम्ही बंगालात, खिदिरपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बदलीच्या गावी आपलं माणूस लागतं. आम्हाला शकुन मिळाली होती.

शकुन मूळची वर्ध्याची. इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिला सख्खा भाऊ नव्हता. पहिल्याच दिवाळीत तिने यांना भाऊबीजेला ओवाळलं आणि ती माझी नणंद झाली. सुट्टी असली की आमच्याकडे यायची आणि चपला काढतानाच ओरडायची, "वहिनी, आज मासे नाहीत ना? हॉस्टेलात मी ताटाकडे बघायच्या आधी मासाच माझ्याकडे बघतो!" मी तिच्यासाठी थालीपीठ लावायची. लीना तिला आत्या म्हणायची.

त्या श्रावणात लीनाला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले. रडायची, पण डोळ्यांतून पाणी येईना. टॅक्सी करून आम्ही थेट शकुनच्या वॉर्डात गेलो. तिला पाहिलं आणि मला रडू फुटलं.

"वहिनी, रडायचं नाही. मी आहे ना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लीनाच्या उजव्या हाताच्या पाठीवर सलाईनची सुई घातली आणि घाईने पुढच्या खाटेकडे गेले. त्याच मनगटावर काळ्या मण्यांची मनगटी होती. दृष्ट लागू नये म्हणून माझ्या सासूबाईंनी पक्क्या दोऱ्यात ओवून बांधलेली. वॉर्डातल्या थोरल्या नर्स सुचित्रादींनी ती पाहिली आणि शकुनला म्हणाल्या, "हे आधी काप, मग पट्टी बांध." तेवढ्यात त्यांना कुणी हाक मारली म्हणून त्या गेल्या.

मीच गाठ सोडायला लागले. शकुनने माझा हात धरला.

"राहू द्या वहिनी. आजीने बांधलेली वस्तू अशा वेळी तोडायची? मलाच बरं वाटत नाही."

"पण त्या काप म्हणाल्या ना?"

"पट्टीखाली कुणाला दिसतंय! मी आहे ना."

तिने मणी थोडे वर सरकवले, लीनाचा हात लाकडी फळीवर ठेवला आणि बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळली. पोरं सुई ओढून काढतात म्हणून तिथे सगळ्यांनाच अशी बांधत. फक्त बोटांची टोकं बाहेर राहिली. मला खरं तर बरंच वाटलं. परक्या मुलखातल्या इस्पितळात आपलं जाणणारं कुणी होतं.

संध्याकाळी लीनाने डोळे उघडून पाणी मागितलं. मी देवाला हात जोडले.

सकाळी ती कुरकुरत होती. तिच्या बोटांची टोकं मला वेगळीच दिसली, भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म. हात लावला तर गार. मी शकुनला हाक मारली. तिने बाटलीकडे पाहिलं.

"थेंब पडताहेत ना? मग सलाईन नीट चाललंय. बिघडलं असतं तर थेंब थांबले असते."

थोड्या वेळाने मी पुन्हा बोलावलं.

"वहिनी, आता तुम्ही मला नर्सिंग शिकवणार का?" तिने हसून माझा गालगुच्चा घेतला आणि गेली. मग मी तिला पुन्हा बोलावलं नाही.

दुपारी सुचित्रादी आल्या. त्यांनी लीनाची बोटं दाबून पाहिली, बाटली खुंटीवरून काढून खाटेच्या खाली धरली आणि नळीकडे बघत राहिल्या. सुई शिरेत असेल तर अशा वेळी नळीत रक्त उलटं येतं, हे मला मागाहून कळलं. रक्त आलं नाही. त्यांनी सलाईन बंद केलं आणि कात्रीने पट्टी उभी कापली.

थेंब पडत होते, पण शिरेत जात नव्हते. सगळं पाणी कातडीखाली साचलं होतं. हात पुरीसारखा फुगला होता आणि दोरा मनगटात इतका रुतला होता, की मणी नुसते काळे ठिपके दिसत होते. दोऱ्याच्या पुढे पंजा निळा पडला होता. सुचित्रादींनी दोरा तोडला तरी लीना रडली नाही. मला सगळ्यात भीती वाटली ती त्याची.

डॉक्टर धावत आले. "हे कुणी ठेवलं?" म्हणून ओरडले. शकुन खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. आता ती सांगेल, असंच मला वाटलं.

"मा बेंधेछे," ती म्हणाली. आईने बांधलंय. आणि वर, मी कापून टाकलं होतं, हिने नंतर पुन्हा बांधलं, असंही म्हणाली.

माझं बांगला बाजारापुरतं होतं. एवढं कळायला ते पुरलं. मी हिंदीत काहीतरी बोलायला गेले, शब्द जुळेनात.

"शकुन, अगं सांग ना त्यांना!"

ती मराठीत हळूच म्हणाली, "वहिनी, आत्ता बोलू नका."

डॉक्टरांनी हुकूम दिला, या बाईला खाटेपाशी बसू द्यायचं नाही, भेटीच्या वेळेला येईल तेवढंच. मला बाहेर काढलं. तोवर पंजात रक्त फिरायला लागलं असावं, कारण लीना किंचाळू लागली. आई, आई. मी दाराबाहेरच्या बाकावर बसून ते ऐकत होते.

सुचित्रादी बाहेर आल्या तेव्हा मी त्यांचा पदर धरला. मनगट दाखवलं, त्यावर पट्टी गुंडाळल्यासारखं केलं. पट्टी वर, मणी खाली. मी कसे बांधणार?

"जानि, बौदी," त्या म्हणाल्या. ठाऊक आहे, वहिनी.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही पोरीला घेऊन घरी जाल. मला तिच्याबरोबर काम करायचंय. आणि पट्टीआधी मीही वळून पाहायला हवं होतं, चौकशीत तेही निघालंच असतं." एवढं बोलून त्या आत गेल्या.

संध्याकाळी हे आले ते शकुनला भेटूनच. मी सगळं सांगितलं. यांनी भिंतीकडे बघत ऐकलं आणि म्हणाले, "बरं, आता तो विषय नको." माझ्यावर विश्वास नाही, असं मी धरून चालले.

लीनाचा हात वाचला. मनगटाभोवती बांगडीसारखा वण राहिला आणि करंगळी आत वळली, ती वळलीच. शकुन घरी यायची थांबली.

भाऊबीजेला दार वाजलं. नवी साडी नेसून, संदेश मिठाईचा पुडा घेऊन शकुन उभी. यांनी मला न विचारता तिला बोलावलं होतं. पाटही यांनीच मांडला. मी यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"पट्टीच्या खाली मी मणी कसे बांधले असतील, एवढंच सांगा."

हे खालच्या आवाजात म्हणाले, "मला ठाऊक आहे गं. तिनंच सांगितलं, त्याच संध्याकाळी. रडत होती. तिची नोकरी गेली असती. परगावची एकटी पोर. तुला कोण कुठून काढणार होतं?"

मला पोरीपासून काढलं होतं. ते यांना आठवलंही नाही.

हे जाऊन पाटावर बसले. बाहेरून शकुनचा आवाज आला, तोच जुना, लाडातला. "वहिनी, निरांजनात तेल नाही हो. आणता ना जरा?"

मी तेलाची वाटी घेतली, लीनाला काखोटीला मारलं आणि त्यांच्यासमोरून दार उघडून गच्चीवर गेले. मागून यांनी हाक मारली. मी वळले नाही.

वर ऊन कोवळं होतं. गोदीत कुठलंसं जहाज भोंगा देत होतं. मी लीनाच्या करंगळीला तेल लावलं आणि रोजच्यासारखी ती हळूहळू सरळ करू लागले. "दुखतं," ती म्हणाली. "थोडंसंच," मी म्हटलं. करंगळी सरळ झाली. मी बोट सोडलं, तशी ती पुन्हा मिटली. मी पुन्हा तेल घेतलं.