नियमाप्रमाणे काढलेली ओळ

मास्तरीणबाईंनी ते पान तिसऱ्यांदा वरपासून खालपर्यंत वाचलं आणि चष्मा काढून रुमालाने पुसला. काचा स्वच्छच होत्या. पानावर आठ ओळी होत्या, चष्मा पुसून त्यांच्या नऊ होणार नव्हत्या.

पान ‘पाठव’ या फंक्शनचं होतं. एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे निरोप नेणारी जी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामरना आयता वापरता येणारा फंक्शनांचा संच, त्यांची कंपनी बनवायची, तिच्यात अशी तीनशे चाळीस फंक्शनं होती आणि प्रत्येकाचं एक पान होतं. त्याला काय द्यायचं, ते काय करतं, काम झाल्यावर परत काय देतं. ही सगळी पानं, म्हणजे लायब्ररीची पुस्तिका, गेली बारा वर्षं मास्तरीणबाई लिहीत होत्या. ठिकठिकाणचे प्रोग्रामर ती उघडायचे, हवं ते बघायचे आणि लिहिणारं कुणी असेल हे डोक्यातही न आणता निघून जायचे. घरी सासूबाईंना अजून वाटायचं की सून वाचनालयात नोकरीला आहे. मास्तरीणबाईंनी तो समज कधी दूर केला नव्हता. खरं काय ते सांगायला बसलं तर चहा गार व्हायचा.

मास्तरीण हे नाव ऑफिसने ठेवलेलं. दुसऱ्याच्या वाक्यावर लाल रेघ मारताना त्यांचा हात कधी अडखळला नाही. त्यांचा एक नियम होता आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी ऐकावा लागे. पुस्तिकेत काय होतं ते लिहायचं, काय होत नाही ते लिहायचं नाही. नियम उगाच केलेला नव्हता. त्या आल्या तेव्हाची पुस्तिका ‘सावधान’ आणि ‘लक्षात असू द्या’ने इतकी बुजबुजलेली होती की वाचणाऱ्याला भीक नको पण कुत्रं आवर असं होऊन जाई. मास्तरीणबाईंनी ते सगळं तण उपटलं. पुस्तिका सुटसुटीत झाली, लोकांनी वाखाणली, आणि नियमाला कुणी पुन्हा हात लावला नाही.

सोमवारी वायरमनचं पत्र आलं होतं.

तो कुठल्या कंपनीतला नव्हता. एका वृद्धाश्रमात दिवे, पंखे आणि पाण्याचा पंप सांभाळायचा. पुस्तिका वाचून वाचून, चार महिने खपून, त्याने एकट्याने चाळीस खाटांपाशी एकेक बटण बसवलं होतं. बटण दाबलं की नर्सच्या टेबलावरच्या यंत्रात घंटा वाजायची. निरोप पाठवून ‘पाठव’ने शून्य परत दिलं, म्हणजे काम झालं, की खाटेजवळ हिरवा दिवा लागायचा. सगळ्या म्हाताऱ्या माणसांना त्याने बजावून ठेवलं होतं की हिरवा लागला म्हणजे कुणीतरी येतंय, पुन्हा पुन्हा दाबायचं नाही, नर्स वैतागतात.

सदतीस नंबरच्या खाटेवर त्याची स्वतःची आई होती. नर्सच्या टेबलावरचं यंत्र रोज सकाळी सहाला बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं, तशी व्यवस्था त्यानेच केलेली. गेल्या महिन्यात आईने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, घंटा वाजली नाही. आई मुलाच्या शब्दाला जागून तासभर वाट बघत पडून राहिली. मग स्वतःच उठली आणि न्हाणीच्या दारात पडली. खुब्याचं हाड मोडलं.

पत्रात तक्रार नव्हती, शिवी नव्हती. शेवटी एवढंच होतं: माझ्याकडून कुठलं पान वाचायचं राहिलं ते कृपया कळवावं, म्हणजे तेवढं दुरुस्त करता येईल.

लायब्ररीचा मूळ प्रोग्रामर कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा. त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. मास्तरीणबाई पत्र घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसल्या.

“ऐकणारं यंत्र अजून जोडलं गेलेलं नसेल, तर निरोपाचं काय होतं?”

“टाकून दिला जातो.”

“आणि पाठवणाऱ्याला काय कळतं?”

“शून्य.”

“म्हणजे काम झालं असंच! हे कुणाला माहीत होतं?”

“सगळ्यांना.” मौनीबाबाने मान खाजवली आणि त्या दिवसापुरतं औदार्य दाखवलं. “सगळे जण आधी जोडणी व्हायला एकदोन सेकंद थांबतात, मग पाठवतात. तशी पद्धतच आहे.”

“त्या वायरमनला कोण सांगणार होतं पद्धत?”

मौनीबाबाने पत्र ओढून घेतलं आणि पहिल्यापासून वाचलं. त्याच्या ‘सगळ्यां’मध्ये वायरमन कधी नव्हताच, आणि हे त्याला आत्ता कळलं असावं.

प्रत्येक पानाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात. मास्तरीणबाई आपल्या खोलीत परतल्या आणि एकेक आवृत्ती मागे जात राहिल्या. सहा वर्षांपूर्वीच्या पानावर नववी ओळ सापडली. ‘ऐकणारं यंत्र जोडलेलं नसल्यास निरोप टाकून दिला जातो, तरीही शून्यच परत येतं.’ दुसऱ्या दिवशीच्या पानावर ती नव्हती. बदलाचं कारण लिहिलं होतं, ‘नियमाप्रमाणे काढलं’. लिहिणारं आणि काढणारं नाव एकच, त्यांचं स्वतःचं.

मास्तरीणबाईंना लाज वाटली. कुणी बघतंय म्हणून वाटते तशी नाही. खोलीत कुणीच बघत नव्हतं. त्यांनी ती ओळ जशीच्या तशी आजच्या पानावर टंकली आणि जतन करायचं बटण दाबलं. पान जतन होईना. साहेबांनी सकाळीच ते कुलूपबंद करून ठेवलं होतं.

“आज बदललं तर कालचं चुकीचं होतं असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं,” विचारल्यावर साहेब खोलीत येऊन म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. कंपनीच्या वकीलबाईंनी त्यांना जे सांगितलं तेच ते पुढे सांगत होते. “प्रकरण निवळू द्या, मग एक सोडून दहा ओळी घाला.”

“साहेब, लोक आत्तासुद्धा तेच पान वाचताहेत. सकाळपासून दोनशे बारा जणांनी उघडलंय.”

“दोनशे बारा जण काही वृद्धाश्रम चालवत नाहीत.”

“कुणी काय चालवतं ते आपल्याला कुठे माहीत असतं?”

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. वायरमनचा फोन अकराला ठरला होता. वकीलबाईंनी एका कागदावर दोन वाक्यं लिहून दिली होती. लायब्ररी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच चालते. आपल्या आईंना लवकर बरं वाटो. साहेबांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही अनुभवी आहात, सांभाळून घ्या.” जाताना त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.

पहिलं वाक्य तर शंभर टक्के खरं होतं. मास्तरीणबाईंना त्याचाच जास्त राग आला.

फोन बरोबर अकराला वाजला. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी खोकत होतं.

“नमस्कार मॅडम. तुम्हीच लिहिता ना हे पुस्तक? मी आधी आभार मानतो बघा. आम्ही शाळा फारशी केली नाही, पण तुमचं सगळं डोक्यात शिरलं. एक शब्द जास्तीचा नाही त्यात.”

मास्तरीणबाईंनी कागद पालथा केला.

“आई कशा आहेत?”

“आहे. झोपूनच असते. बटण दाबत नाही आता, हाका मारते. मी म्हटलं, अगं मी दुरुस्त करतोय. तर म्हणते, तुझा दिवा तुझ्याकडेच ठेव.” तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. “बहीण बोलत नाही माझ्याशी. ती म्हणते, नीट वाचलं नसशील. मी म्हटलं, हो बाई, नसेन वाचलं. पण मॅडम, तीनदा वाचलंय मी. कुठलं पान राहिलं तेवढं सांगा, म्हणजे तिला दाखवता येईल. चूक माझीच आहे, पण कुठली ती तरी कळू दे.”

आता दुसरं वाक्य बोलून फोन ठेवता आला असता. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा तेच बोलायचं, असं जवळजवळ ठरलंही होतं.

“पान नाहीये,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“तसं पानच नाही. तुमचं काही वाचायचं राहिलेलं नाही. ऐकणारं यंत्र जोडलेलं नसेल तर निरोप फेकला जातो आणि वर शून्य मिळतं. ती ओळ मी लिहिली होती. मग मीच काढून टाकली.”

पलीकडे भांडी वाजत राहिली. तो आता ओरडेल, आणि ओरडू दे, असं मास्तरीणबाईंना वाटलं. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्यांना बरंच वाटलं असतं. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असेल, अशीही एक वेडी आशा त्यांना वाटून गेली.

“का काढली?” त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच कळून घ्यायचं होतं त्याला.

“पान सुटसुटीत व्हावं म्हणून.”

“बरं.”

खोकणाऱ्या माणसाला कुणीतरी पाणी दिलं असावं, खोकला थांबला.

“मॅडम, ह्या चाळीसच्या चाळीस खाटा तुमच्या पुस्तकावर चालतात,” तो म्हणाला. “पाठवचंच नाही, अजून आठदहा फंक्शनं वापरलीत मी. त्यांच्यातलं काय काय काढलंय?”

मास्तरीणबाईंनी पडद्यावरची यादी खाली ओढली. तीनशे चाळीस नावं, बारा वर्षं, आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे कधी ना कधी तेच दोन शब्द. त्यांनी काढलेलं त्यांना आठवत नव्हतं. कधी लिहिलंच नव्हतं ते तर आठवायचा प्रश्नच नव्हता.

“मला आत्ता सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “शोधावं लागेल सगळं. दिवस लागतील.”

“लागू देत. शोधा तुम्ही.” त्याने फोन या कानावरून त्या कानावर घेतला असावा, जरा खरखर झाली. “पण तोपर्यंत बटणं चालू ठेवू की बंद करू? बंद केली तर ज्यांना हाक मारायचा आवाज नाही त्यांचं काय? आणि चालू ठेवली तर लोक दिव्याकडे बघत पडून राहणार. काय करू, तुम्ही सांगा.”

मास्तरीणबाईंनी दाराकडे पाहिलं. साहेबांनी ओढून घेतलेलं दार तसंच होतं.

“विचार करून सांगा, घाई नाही,” वायरमन म्हणाला. “मी आहे लाइनवर.”