रिकाम्या फोल्डरची वाटणी

ब्लॉग लिहायच्या शंभर सोयी असताना ताईने आणखी एक करायला घेतली, कारण शंभरातली एकही तिला पटत नव्हती. ती प्रोग्रॅमर; नोकरीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरायची. आपली सोय खुली असावी, कुणीही उघडून बघावी, फुकट वापरावी आणि हौशी माणसांनी मिळून ती बांधावी, एवढंच तिचं म्हणणं. तिने चार ओळींचं आवाहन इंटरनेटवर टाकलं. शनिवारी दुपारी दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या खोलीत सत्तावीस माणसं हजर. खुर्च्या नऊ.

"प्रोग्रॅम कोण लिहिणार?" ताईने विचारलं.

सगळे खिडकीबाहेर बघू लागले.

"बरं, बोधचिन्ह कोण काढणार?"

सत्तावीस हात वर. एकाचे तर दोन्ही.

इतिवृत्त लिहायला ताईने आत्याला बसवलं. आत्याची हयात कोर्टात स्टेनोगिरी करण्यात गेली होती. कानावर शब्द पडला की तिची बोटं आपोआप चालत, मग तो साक्षीदाराचा असो की शिंक असो.

सहा शनिवार नीट गेले, म्हणजे काहीच झालं नाही. सातव्या शनिवारी प्रश्न निघाला, 'प्रसिद्ध करा' हे बटण कुठल्या बाजूला?

"उजवीकडे," लिफ्ट दुरुस्त करणारे काका म्हणाले. "तीस वर्षं बटणंच बसवतोय मी."

"आपण वाचतो डावीकडून!" भूगोलाचे मास्तर उसळले. "तुमच्या लिफ्टला वर आणि खाली सोडून दिशा तरी माहीत आहेत का?"

झालं. शब्दाने शब्द वाढला आणि खोलीचे दोन तट पडले. खुल्या कामात एक रिवाज असतो: पटलं नाही की झालेल्या कामाची नक्कल उचलायची आणि वेगळी चूल मांडायची. काकांनी हिस्सा मागितला.

"अहो काका, फोल्डर रिकामं आहे," ताई काकुळतीला आली. "एक ओळसुद्धा लिहिलेली नाही."

"रिकामं तर रिकामं. आमचं आम्हाला द्या."

ताईने सगळ्यांदेखत नक्कल काढून दिली. काकांनी चष्मा पुसून स्क्रीन न्याहाळली.

"आमच्यात जरा कमी वाटतंय."

ताईने मुकाट्याने पुन्हा काढली, या खेपेला हळूहळू.

घरी येऊन तिने लॅपटॉप मिटला. "आत्या, संपलं गं. मीच मूर्ख."

"संपलं कसं? मला पुढच्या शनिवारी दोन्हीकडून बोलावणं आहे."

तेव्हा कुठे ताईला कळलं. आत्याचं इतिवृत्त मेलने सगळ्यांना जायचं, सगळे ते पाहुण्यारावळ्यांना पाठवायचे आणि आता चारशे अनोळखी माणसं त्याची वाट बघत होती. 'तीन वाजून दहा मिनिटे. मास्तरांनी लोकशाहीची शपथ घालून चौथे बिस्किट उचलले.' असल्या वाक्यांसाठी! आत्या नसेल ती बैठक झाली काय आणि न झाली काय, हे दोन्ही तटांना उमगलं होतं.

"मी एकाच खोलीत बसेन," आत्याने निरोप धाडला. "ज्याला यायचं त्याने यावं."

शनिवारी एकूण एक आले, ठेवणीतले कपडे घालून. इतिवृत्तात नाव यावं म्हणून जो तो मुद्दाम भांडत होता. त्या गदारोळात ताई कोपऱ्यात बसली आणि एकटीने आत्यापुरता प्रोग्रॅम लिहून मोकळी झाली. एक पान. बटण नाहीच. आत्याची बोटं दहा मिनिटं थांबली की मजकूर आपोआप प्रसिद्ध.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आत्या त्या पानावर टिपणं टाइप करायला बसली आणि बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. ताईचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. शेवटी उचलला तो मास्तरांचा.

"ताई, 'काकांनी मास्तरांना' इथेच संपलंय ते! लोक मला विचारतायत, काकांनी काय केलं तुम्हाला?"

ताईने आत्याला हलवलं. "आत्या, काकांनी मास्तरांना काय?"

"पाणी दिलं," आत्या डोळे न उघडता म्हणाली.

ताईने ते फोनवर सांगितलं.

"एवढंच?" मास्तरांचा आवाज पडला. "मग राहू दे. आहे तसंच राहू दे."