पाहुण्यांपुढची बोली

सिनेमात सोळा वर्षं मी मोलकरीणच होते. चहाचा ट्रे आणायचा, "बाईसाहेब, डॉक्टर आलेत" म्हणायचं आणि निघायचं. तेही लंडनच्या हेलात, कारण स्टुडिओत मोलकरीण म्हटली की तोच हेल चाले. माझा उत्तरेकडच्या ओल्डहॅम या गिरणीगावचा हेल उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच वर्षी घासूनपुसून काढला होता. आणि आता, एकसष्ट साली, स्टुडिओवाल्यांच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, त्यांना अस्सल उत्तरेकडची गिरणीकामगार हवी होती. मोठं काम, पडद्यावर नाव.

"तुम्ही तिकडच्याच ना, मिस क्लेग? सोमवारी तिकडच्या हेलात बोलून दाखवा," दिग्दर्शक म्हणाले.

आरशासमोर तोंड उघडलं तर भलतंच निघालं. अर्धी मोलकरीण, अर्धी त्या उच्चार शिकवणाऱ्या बाई. शनिवारी वही घेऊन ओल्डहॅमच्या गाडीत बसले. म्हटलं, आई आणि थोरली बहीण एथेल तासभर बोलल्या की झालं.

आईनं मला पुढच्या खोलीत बसवलं. ती खोली पाद्री किंवा डॉक्टर आले तरच उघडते. सोनेरी काठाचे कप निघाले.

"प्रवास सुखाचा झाला ना? आणखी थोडा केक घ्यावा," आई रेडिओवरच्या बातम्यांच्या सुरात म्हणाली.

"आई, नेहमीसारखं बोल की गं."

"नेहमीसारखंच बोलते आहे."

गिरणीच्या खडखडाटावर आवाज चढवणारी एथेल करंगळी वर करून चहा पीत होती. हसावं की चिडावं, मला कळेना. वही कोरीच राहिली.

शेवटी परसातल्या संडासातून परत येत होते, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला.

"जाती कवा गं ही? जबडा दुखाया लागला माजा. पाव्हण्याम्होरं किती येळ बोलायचं असं?"

"सहाची गाडी हाय. कड काढ जरा," एथेल म्हणाली.

खिशातली वही काढून, भिंतीला टेकून मी शब्द न् शब्द उतरवून घेतला. पेन्सिल चालतच होती.

सोमवारी आईचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. दिग्दर्शक हसत उठले. काम मला मिळालं.

"फक्कड. पण ही पाहुणी कोण, जिच्यावर ती एवढी कावलीय?"

मीच, म्हणायचं होतं. पण कुठल्या आवाजात म्हणावं, तेच सुचेना.