आईचा सहा महिन्यांचा व्हिसा

बाबा जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या अस्थी जऊळक्याच्या शेतात पुरून आम्ही वर पिंपळाचं रोप लावलं होतं. कॅनडाहून माझा भाऊ संघदीप आईला तिकडे न्यायला लांब मुदतीच्या व्हिसाचा अर्ज भर म्हणत होता. आई सहा महिन्यांवर अडून बसली.

"रोपाले पाणी कोण टाकीन?"

"मी टाकीन ना."

"तू टाकशीन. पण तुह्या बाबाले माह्याबिगर आठ दिवसाच्या वर करमत नसे. सहा महिने लय झाले."

मी सहा महिन्यांचाच अर्ज भरला. परतीच्या कारणात शेती लिहिली आणि खरं कारण संघदीपला फोनवर सांगितलं.

"बरं," तो म्हणाला, "तोवर तू जाऊन बसत जाय त्याईच्यापाशी."