कुंपणावरचा वाल

रुखमाबाईनं कुंपणातून आपल्या अंगणात घुसलेला वालाचा शेंडा नखानं खुडला आणि पलीकडं भिरकावला. सडा टाकून झाला की रोजचं हे तिचं ठरलेलं काम होतं. शेंडा पडे तिथंच तिची धाकटी जाऊ भांडी घासत बसलेली असे. ती मान वर करत नसे. खरकटं पाणी मात्र नेमकं अशा बेतानं ओती, की ते पऱ्हाटीच्या काड्यांच्या कुंपणाखालून अलीकडं वाहत यावं.

वर्षापूर्वी हे अंगण एकच होतं. दसऱ्याला धाकटा दीर डोमाजी नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला आणि आठ दिवसांच्या आत घरातले देव फडक्यात बांधून अडाण नदीत सोडून आला. मेलेली ढोरं ओढणं त्यानं बंद केलं, ते रुखमाबाईलाही पटलं होतं. पण सासूनं मरताना ते देवांचे टाक तिच्या ओटीत घातले होते, आणि नेताना तिला कुणी विचारलं नव्हतं. ती तीन दिवस भांडली. तिचा नवरा बळीराम मात्र एक शब्द बोलला नाही. त्याच्यासारखा थंड माणूस साऱ्या वस्तीत नाही, असं लोक म्हणाले.

मग चुली वेगळ्या झाल्या, अंगणाच्या मधोमध कुंपण आलं. धाकटी जाऊ पंचफुला होती ती दीक्षेनंतर सत्यशीला झाली. रुखमाबाई तिचं मुद्दाम जुनंच नाव घ्यायची, तेही दुसऱ्या कुणाशी बोलताना. समोरासमोरचं बोलणं केव्हाच तुटलं होतं. भाऊ मात्र दिवस कलला की बाभळीखाली बसत आणि एकाच चंचीतला तंबाखू खात. बायकांचं भांडण बायकांपाशी, असं त्यांनी न ठरवताच ठरवलं होतं.

सत्यशीलेनं आषाढात कुंपणालगत वालाचे सहा दाणे टोचले होते. बी माहेरचं, बोरी अरबचं. राख आणि शेणखत घालून तिनं वेल असे पोसले, की थंडी पडता पडता सगळं कुंपण जांभळ्या फुलांनी झाकून गेलं. पुढं शेंगांचे घोस लागले, आणि त्यातले चांगले भरलेले घोस नेमके अलीकडं लोंबले. रुखमाबाईनं त्यातली एकही शेंग चुलीवर चढवली नाही. तोडायची आणि पलीकडं फेकायची.

पौषातल्या एका सकाळी ती शेंडा खुडायला गेली, तर तो हाताला मऊ लागला. पानं खाली मान घालून उभी होती. तिनं वाकून कुंपणाच्या काड्या बाजूला सारल्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर सहाच्या सहा वेल विळ्यानं कापलेले होते.

ती तशीच मागं वळली. बळीराम ओट्यावर चऱ्हाट वळत बसला होता. पहाटे त्यानं राखेनं बराच वेळ हात घासले होते, ते तिनं पाहिलं होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता त्याच्या धोतराच्या सोग्याला चुरगळलेलं एक जांभळं फूल चिकटलेलं तिला दिसलं. तिची नजर कुठं गेली हे त्यानंही पाहिलं. फूल झटकून तो पुन्हा दोर वळू लागला.

तेवढ्यात पलीकडून सत्यशीलेचा आवाज चढला. शेजारच्या बायका गोळा झाल्या. वर्षात पहिल्यांदाच ती कुंपणाशी येऊन जावेच्या तोंडाकडं बघून बोलली.

"बाई, रोज शेंडे खुडून मन नाई भरलं तुमचं? आता मुळावरच आल्या?"

तिच्या मागं डोमाजी येऊन उभा राहिला. तो वहिनीकडं बघतच नव्हता. त्याची नजर ओट्यावर होती.

"दादा," तो हळूच म्हणाला, "हे कोनं केलं?"

बळीरामचे हात थांबले. दोराचा पीळ सुटत गेला. त्यानं तोंड उघडलं. वर्षभर गिळलेलं सगळं आता त्या तोंडून बाहेर पडणार, आणि एकदा पडलं की बाभळीखालची बैठक जन्माची उठणार, हे रुखमाबाईला त्याच्या नरड्याच्या हालचालीवरूनच कळलं.

"मी कापला," ती म्हणाली. "माया आंगनात येत होता. देव बुडवले तवा मले कोनं इचारलं होतं, पंचफुले?"

"मायं नाव सत्यशीला हाये," धाकटी म्हणाली. मग ती सुकत चाललेले वेल दोन्ही हातांनी कुंपणावरून ओरबाडून काढू लागली. काड्या मोडत होत्या, त्याची तिला पर्वा नव्हती. बायका रुखमाबाईकडं बघत, पदर तोंडाला लावत पांगल्या. त्यातली एक जाताना पिचकन थुंकली.

बळीरामनं सुटलेला पीळ पुन्हा घट्ट केला.

दोन दिवस बाभळीखाली कुणी बसलं नाही. रुखमाबाई पाण्याला गेली की विहिरीवरच्या बायका गप्प होत. घरात तिनं नवऱ्याला वाढलं, तो जेवला. ती काही विचारते का, याची वाट बघत तो घास चावत असे. तिनं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी, ऊन उतरल्यावर, डोमाजीनं दारातून हाक मारली. रुखमाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. कुडाच्या भिंतीपलीकडं दोघं भाऊ उभे होते. त्यांचा शब्द न् शब्द आत येत होता. वयनीच्या करनीचा राग तुयावर कायले धरू, असं डोमाजी म्हणाला.

रुखमाबाईचा हात पिठावर थबकला.

"काय करू, डोमा," बळीराम म्हणाला. "तिचा सभावच तसा हाये."

मग तळहातावर तंबाखू मळल्याचा आवाज आला, आणि दोघांची पावलं लांब गेली.

तव्यावरची भाकर उलटायची राहिली होती. तिला काळे डाग पडले, धूर निघाला, तरी रुखमाबाईनं ती तशीच राहू दिली. पुरती करपल्यावर खाली काढली आणि बळीरामच्या ताटात सगळ्यात वर ठेवली.