टी-बोनच्या तव्यावरची घावनं

मित्रांनो, मी बिडाचा तवा. जुना, जाडजूड, लांब दांड्याचा. सध्या अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या एका गराजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्यामागे पडून असतो. अंगावर गंज चढलाय. तो कोणी उतरवेल ही आशा मी सोडली आहे.

वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, तो माझा जन्म. वॉल्टरच्या आईने मला घेतलं, पुढे वॉल्टरने सांभाळलं. दर रविवारी माझ्यावर बीफचा स्टेक चरचरायचा. वॉल्टर भारी चोखंदळ. तुकडा पाठीचा, कमरेजवळचाच हवा. त्या भागाला फारसं काम नसतं, म्हणून तो मऊ राहतो. मधे इंग्रजी टी अक्षरासारखं हाड असलं की तो टी-बोन. हाडाच्या एका बाजूचा लुसलुशीत भाग चांगला रुंद असला तर पोर्टरहाऊस. दुसरी बाजू सोडवून घेतली की न्यूयॉर्क स्ट्रिप, आणि कॅन्सस सिटीवाले तिलाच आपल्या गावाचं नाव देतात. कोणतं नाव खरं यावर वॉल्टर तासन्‌तास वाद घालायचा. समोर असायचे शेजारचे राजारामकाका.

काका रिटायर्ड इंजिनीयर. घरी सांगून यायचे, "वॉल्टरकडे गेम बघायला जातो." मीनाक्षीकाकूंसमोर बीफचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून जेवण झालं की काका बडीशेप चघळत घरी जायचे.

वॉल्टर वृद्धाश्रमात गेला तेव्हा त्याने मला काकांच्या हातात दिलं. काकू हरखल्या. "अगंबाई, असाच तवा शोधत होते मी. घावनं काय सुटतील याच्यावर." काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तिथेच माझा घात झाला, मित्रांनो.

काकूंनी मला घासलं, तेल लावलं, आणि खरंच घावनं अशी जाळीदार सुटली की काय सांगू. आयुष्यात एवढं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं. गौरींना त्यांच्याकडे घावन-घाटल्याचाच नैवेद्य. मराठी मंडळातले सगळे जेवायला आले. काकूंनी प्रेमाने वॉल्टरलाही बोलावून घेतलं.

त्याने मला ओळखलं. माझ्या दांड्यावर थोपटत इंग्रजीत म्हणाला, "राज, आपल्या टी-बोनची चरबी मुरलीय यात, म्हणून काही चिकटत नाही बघ." मग काकूंना कौतुकाने पोर्टरहाऊस समजावत बसला. त्याला कोणी थांबवलं नाही. काकूंनी हातातलं उलथनं खाली ठेवलं.

पाहुणे गेल्यावर त्या एवढंच बोलल्या, "तुम्ही बाहेर काय खाल्लंत ते मी गिळलं असतं. पण माझ्या हातून गौरीला हे दाखवू दिलंत."

"मीनाक्षी, मी सांगणार होतो."

"कधी?"

काकूंनी त्याच रात्री मला गराजमध्ये नेऊन ठेवलं. आता दोघं वेगवेगळ्या वेळी जेवतात. वॉल्टरही पुढे वारला.

तर मित्रांनो, बिडाचा तवा ओला ठेवू नका. धुतला की लगेच पुसा, तेलाचा हात फिरवा. आणि त्याच्यावर आधी काय भाजलं जायचं, ते पहिलं घावन घालण्याआधी सांगून टाका. यंदा आमच्याकडे गौरी आल्या नाहीत. काल बर्फ पडला. काका गराजमध्ये आले, फावडं उचललं, माझ्याकडे बघितलं, मला तिथेच ठेवलं आणि बाहेर निघून गेले.