गोंडाळीची राख

"परत त्या जरीनाच्याच दारात रोग्याची फटफटी!" तळ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून भिवराबाई म्हणाली. ऐकायला फक्त एक म्हैस होती. तिनं कान हलवला. भिवराबाईला तेवढाही दुजोरा पुरला.

पाण्यावर कोबीच्या गड्ड्यांसारखी गोंडाळ तरंगत होती. ती वाळवायची, जाळायची, राख तेलात खलायची आणि गजकर्णावर लावायची. चकलांबा गावाच्या या अंगाला हे औषध भिवराबाईचंच, सासूकडून आलेलं. मग मैनुद्दीन मिस्त्रीची बायको जरीना कडा गावाहून नांदायला आली, ती आईकडून नेमकं हेच शिकून. औषधाला पैसे घ्यायचे नसतात, त्यामुळे भांडण निव्वळ मानाचं राहिलं. म्हणजे मिटायची आशाच नाही.

"तिच्या राखंनं चट्टा जातो, पन परत येतो," असं भिवराबाई गावभर सांगायची.

गावपुढारी आबासाहेबांच्या मानेवर गजकर्ण उठलं, तेव्हा ते भिवराबाईकडे आले. ती फुलून गेली. संध्याकाळी तेच आबासाहेब जरीनाच्या ओट्यावर मान वाकवून बसलेले दिसले. राजकारणी माणूस, अर्ज दोन्हीकडं भरलेला बरा.

काही दिवसांनी त्यांची मान निवळली आणि भिवराबाईच्या मनगटावर चट्टा उठला.

आता पंचाईत. आपल्या हातानं आपल्याला लावलेलं हे औषध लागू पडत नाही, दुसऱ्या जाणत्या हातानंच लावावं, असं सासूनं बजावलेलं. सासू गेलेली. गावात जाणता हात उरला एकच. खाज मात्र मान-अपमान जाणत नव्हती.

भर दुपारी, गल्ली झोपलेली बघून, ती जरीनाच्या उंबऱ्याशी उभी राहिली. पदराच्या गाठीत स्वतःची राखेची डबी होती. हात तिचा चालेल, राख नाही.

"जरीना, काडेपेटी हाय का गं?"

"या भिवराक्का. हात दावा."

"कुनी सांगितलं तुला?"

जरीनानं आपली बाही वर सारली. तिच्याही मनगटावर तसाच चट्टा. "आबासाहेबांची मेहेरबानी. लई दिस झाले, तुमची वाट बघतीय."

"मग आली न्हाईस कावून?"

"तुमी म्हनला असता, जातो पन परत येतो."

भिवराबाईचा हात पदराच्या गाठीकडं गेला. डबी काढायच्या आतच जरीनानं आपल्या राखेच्या वाटीत बुडवलेलं बोट तिच्या मनगटावर फिरवलं. राख मैद्यासारखी बारीक होती. अशी राख भिवराबाईला कधी जमली नव्हती. सासूलाही नाही.

"राख जाडी पडलीय," भिवराबाई म्हणाली.

"व्हय अक्का," म्हणत जरीनानं आपला हात पुढं केला.

भिवराबाईनं गाठीतली डबी चाचपली, तिथंच राहू दिली, आणि जरीनाच्या वाटीत बोट बुडवलं.